पेठांमधल्या घरमालकांना: करार तीन वर्षांचा करा

सदाशिव, नारायण, शनिवार, कसबा, शुक्रवार, बुधवार आणि बाकी सगळ्या पेठांमधले वाडामालक, फ्लॅटमालक आणि सोसायट्यांचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी पुण्यात शनिवार पेठेत भाड्याने राहते. त्याआधी सदाशिव पेठेत होते आणि त्याहीआधी नारायण पेठेतल्या एका वाड्यात. मुद्रितं तपासण्याचं काम करते. प्रकाशकांची कार्यालयं, छापखाने आणि अप्पा बळवंत चौक हे सगळं पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मुलीची शाळा इथेच, आईचे डॉक्टर इथलेच. त्यामुळे पेठ सोडण्याचा विचार मी कधी केला नाही. तो मला पुन्हा पुन्हा करायला लावला गेला.

महापालिकेला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे, कारण मी जे मागणार आहे ते तुम्ही उद्या सकाळी करू शकता. त्याला कुठला निधी लागत नाही की शासनाची अधिसूचना लागत नाही. घर अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांच्या कराराने द्या आणि तो करार नोंदवा. वाडा किंवा इमारत पाडायला द्यायचं ठरेल तेव्हा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न मिळता ठराविक मुदतीच्या परवानगीवर, राहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही त्या हिशेबात धरा.

तुमची भीती मला माहीत आहे आणि तिला कारण आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. त्या वेळच्या घरटंचाईत लोकांना रस्त्यावर येण्यापासून या कायद्याने वाचवलं. पण तो पन्नास वर्षं तसाच राहिला आणि त्याची किंमत वाड्यांनी मोजली. मी ज्या वाड्यात राहिले तिथल्या एका जुन्या बिऱ्हाडाचं भाडं इतकं कमी होतं की त्यात एका पावसाळ्याची शाकारणीही झाली नसती. मालकांनी हळूहळू कौलांकडे बघणं सोडलं, पाणी कडीपाटात उतरलं, सागवानी खांबांना खालून वाळवी लागली. जिना डुगडुगायला लागला तेव्हा दुरुस्ती कोणी करायची यावरून मालक आणि बिऱ्हाडकरू कोर्टात गेले. दोन्ही घरांतली मुलं त्या दाव्यासोबतच मोठी झाली. असे वाडे प्रत्येक पेठेत होते आणि तुमच्यापैकी अनेकांनी हे घरात भोगलं आहे. 'भाडेकरू' म्हटलं की तुमच्या मनात तोच दावा येतो.

पण तो काळ संपला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूंनाही वर्षाला ४ टक्के भाडेवाढ आहे. आणि आम्ही तर त्या अर्थाने भाडेकरूसुद्धा नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर राहणाऱ्याला कलम २४ लागतं. मुदत संपली की जागा सोडायची. न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि मुदतीनंतर जितके दिवस राहू तितक्या दिवसांची दुप्पट रक्कम आम्ही भरायची. लेखी करारात जे लिहिलं आहे तोच निर्णायक पुरावा धरला जातो. कायदा या बाबतीत पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. ज्या कायद्याने तुमचे हात बांधले होते त्याच्या आठवणीने तुम्ही आज आम्हाला दर अकरा महिन्यांनी उठवता, हे मला अन्यायाचं वाटतं.

आता अकरा महिनेच का, ते पाहू. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून देशभर लोक नोंदणी टाळायला अकरा महिन्यांचा कागद करतात. महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग उरलेला नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, कराराच्या अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. 'कागद नको, रोख द्या, आपण घरचेच' असं जे मालक म्हणतात ते स्वतःलाच उघड्यावर ठेवतात.

आणि खर्च? हा हिशेब मी कागदावर मांडून एका मालकांना दाखवला होता, तोच इथे देते. समजा भाडं १५,००० रुपये आणि डिपॉझिट ५०,००० आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही मुदतीतलं एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. अकरा महिन्यांच्या कराराला साधारण ५०० अधिक १,०००, म्हणजे १,५०० रुपये लागतात. असे तीन करार केले की ४,५०० झाले. तोच करार एकदम छत्तीस महिन्यांचा केला, भाडं स्थिर धरलं, तर शुल्क साधारण १,४०० आणि फी १,०००, मिळून २,४००. भाडं दरवर्षी वाढवायचं असेल तर तेही त्याच कागदात लिहिता येतं. हाच दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला आहे. प्रत्येक वेळी एजंटला द्यावं लागणारं एक महिन्याचं भाडं मी यात धरलेलंच नाही. ते बहुतेक वेळा तुम्ही आणि आम्ही दोघंही देतो.

मधेच स्वतःला घर लागलं तर काय, असं त्या मालकांनी विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. कोणत्याही बाजूने तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन करार संपवता येईल, असं कलम घाला.

अकरा महिन्यांचा करार आमच्या आयुष्यात काय करतो ते तुम्हाला सहसा दिसत नाही, म्हणून सांगते. नवव्या महिन्यात फोन येतो, 'पुढचं काय ठरलं?' दहा टक्के वाढ ही जणू रीत झाली आहे. नाही म्हटलं की पुढचे दोन महिने संध्याकाळी काम संपवून घरं बघत फिरायचं. सामान हलवायला टेम्पो पहाटेच आणावा लागतो, कारण दिवस चढल्यावर आमच्या बोळांत तो शिरत नाही. पत्ता बदलला की आधार, बँक, गॅस, आईच्या पेन्शनचे कागद, सगळं पुन्हा. शिक्षण हक्काच्या २५ टक्के प्रवेशासाठी भाड्याने राहणाऱ्याकडे नोंदणीकृत करार मागतात. तो नसल्यामुळे समोरच्या शाळेत अर्ज करता न आलेली कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. पगारदार माणसाला घरभाडे भत्त्याची करसवलत घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन द्यावा लागतो. रोख भाडं घेणारे मालक तो देत नाहीत.

मिळकतकराबद्दल उघड बोलायला हवं. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला करात ४० टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती जाते. म्हणून काही जण घरात कोणी राहतच नाही असं दाखवतात आणि आम्हाला पाटीवर नाव लावू देत नाहीत, पत्रं आली तर 'पाहुणे' म्हणायला सांगतात. ही सवलत गेल्याने कर जितका वाढेल तो फरक भाड्यात धरा. मी तो देईन, माझ्या ओळखीचे बहुतेक जण देतील. पण स्वतःच्या दारावर आपलं नाव नसलेल्या घरात मुलीला वाढवणं फार जड जातं.

आणखी एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस घराला हात लावत नाही. नळ गळत असेल तर बादली ठेवतो, भिंतीला ओल आली तर कपाट सरकवतो. तीन वर्षांची खात्री असती तर सदाशिव पेठेतल्या घराचा ओटा मी माझ्या पैशाने नीट करून घेतला असता. शनिवारवाड्याच्या आसपास ज्यांचे वाडे आहेत त्यांना हे विशेष लागू आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत. २०१० च्या कायदादुरुस्तीने हे पक्कं केलं. तिथल्या मालकांची कोंडी खरी आहे. पण परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते, आणि दुरुस्त केलेल्या दोन खोल्यांसाठी तीन-पाच वर्षं थांबणारं कुटुंब मिळालं तर तो खर्च भाड्यातून निघू शकतो. मात्र ज्या वाड्याला पावसाळ्याआधी महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस लागली आहे तिथे कॉट टाकून मुलं ठेवू नका. या एका बाबतीत मी विनंती करत नाही, निक्षून सांगते. ती मुलं नांदेड, बीड, धाराशिवहून स्पर्धा परीक्षांसाठी येतात, दिवसभर अभ्यासिकेत असतात आणि रात्री फक्त पाठ टेकायला खोलीवर येतात. डोक्यावरचा कडीपाट कुजला आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

कॉट बेसिसमुळे कुटुंबांना पेठेत घर मिळणं अवघड झालं आहे, हेही खरं. एका खोलीत चार कॉट टाकल्या की चार भाडी येतात. आम्ही एकच देऊ शकतो. त्या मुलांवर माझा राग नाही. खानावळी, पुस्तकांची दुकानं, अभ्यासिका त्यांच्यामुळे चालतात आणि माझं कामसुद्धा थोडंफार त्यांच्या पुस्तकांवर चालतं. त्यांनाही लेखी करार आणि भाड्याची पावती द्या, एवढंच. पावती देणं तसंही तुमच्यावर बंधनकारक आहे.

आता वाडा पाडायला जातो तेव्हाचं. नारायण पेठेतला आमचा वाडा डेव्हलपमेंटला गेला हे मला कळलं ते चौकात फीत धरून माप घेणाऱ्या माणसांकडून. भावकीची बोलणी वर्षानुवर्षं चालली होती, वारसांच्या सह्या गोळा होत होत्या. जुन्या बिऱ्हाडकरूंना कोणाला किती चौरस फूट मिळणार, बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याचं भाडं किती, हे सगळं ठरलं होतं. ते योग्यच होतं. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे. पण त्याच वाड्यात लायसन्सवर राहणारी आम्ही चार-पाच कुटुंबं होतो आणि आमच्याशी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. 'पुढच्या महिन्यात खोली रिकामी हवी' एवढंच सांगितलं गेलं. शाळेचं वर्ष अर्ध्यावर आलं होतं. डिपॉझिट बऱ्याच दिवसांनी मिळालं, तेही रंगाचे पैसे कापून. ज्या भिंती पाडायच्या होत्या त्यांच्या रंगाचे पैसे.

नव्या इमारतीत मी फुकट फ्लॅट मागत नाही. माझा तो हक्क नाही. मला हवी आहे ती वेळेवर मिळालेली माहिती. विकसन करारावर सही झाली की त्याच आठवड्यात राहणाऱ्या प्रत्येकाला लेखी कळवा. तीन महिने द्या, आणि शक्य असेल तर शाळेचं सत्र संपू द्या. किल्ली हातात येईल त्याच दिवशी डिपॉझिट परत करा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं असं आहे. कोणी सक्ती करेपर्यंत न थांबता तेवढंच घ्या.

आणि नव्या इमारतीत एक-दोन लहान घरं ठेवा. हे तुमच्याशिवाय कोणी करणार नाही. मोठ्या प्रकल्पांत लहान घरांसाठी २० टक्के वाटा राखण्याचा नियम आहे, पण तो ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना लागतो. पेठेतला वाडा त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे पेठेत जी नवी इमारत उभी राहते तिच्यात लहान घर असावं की नाही हे फक्त मालक आणि बिल्डर ठरवतात. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जिल्हा न्यायालयापासून जमिनीखालून कसबा पेठ आणि मंडईवरून स्वारगेटला जाते. तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत स्टेशनचं अंतर पहिल्या ओळीत असतं आणि फ्लॅट दोन-तीन बेडरूमच्या खाली नसतो. तुळशीबागेत दुकानात उभी राहणारी बाई, मंडईतला हमाल, छापखान्यातला बाइंडर, शाळेतली शिपाई आणि माझ्यासारखी मुद्रितं तपासणारी, आम्ही सगळे मेट्रोने पेठेत कामाला यावं आणि रात्री परत जावं, अशी ही रचना होते आहे. दहीहंडीची, गणपतीची वर्गणी आमच्याकडूनही मागितली जाते आणि आम्ही ती आनंदाने देतो. मग पेठेत राहण्यासाठीही आम्हाला मोजा.

घर दाखवताना तुम्ही जे प्रश्न विचारता त्यांच्याबद्दल लिहावं की नाही, याचा मी बराच विचार केला. आडनाव काय, मूळचे कुठले, घरात मटण-मासे होतात का, नवरा कुठे असतो. माझ्या घरात आई, मी आणि मुलगी अशा तिघीच आहोत. हे ऐकल्यावर 'आम्ही विचार करून कळवतो' असं म्हणणारे मालक मला भेटले आहेत आणि त्यांच्यातलं कोणीही कधी कळवलं नाही. माझ्या एका मुसलमान सहकाऱ्याला तर घर बघायला येण्याआधी फोनवरच नकार मिळतो. भाडं वेळेवर येईल का, घर नीट ठेवाल का, हे जरूर विचारा. आधीच्या मालकांचा फोन नंबर मागा. पण आडनावावरून घर नाकारणं थांबवा.

बुधवार पेठेत, दगडूशेठ गणपतीच्या समोर, भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली. जागा तात्यासाहेब भिडे यांची होती. अर्धी पेठ विरोधात असताना एका मालकाने ठरवलं की आपली जागा या कामाला द्यायची. पुढे त्या वाड्याचंही इतर वाड्यांसारखंच झालं: गाळे, भाडेकरू, वर्षानुवर्षं कोर्ट, आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडला गेला. जागा कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या माणसाच्या हातात केवढं असतं, ते मला त्या रस्त्याने जाताना दर वेळी आठवतं.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांशी थोडक्यात. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही. कळवावं लागतं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेली माहिती जमा करावी लागते. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ती रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. असं असताना भाडेकरूकडून 'सामान चढवण्याचे' पैसे, लिफ्टचे वेगळे पैसे, गच्चीवर जायला बंदी, हे कुठून येतं? सप्टेंबरअखेर तुमची वार्षिक सभा होते. त्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या आणि त्या दिवशी इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूंनाही बसू द्या. मत देण्याचा अधिकार आम्हाला नाही, तो मागतही नाही. पाण्याची वेळ, कचरा, जिन्यातला दिवा याबद्दल आम्हालाही बोलायचं असतं.

माझा करार येत्या मे महिन्यात संपतो. या वेळी मालकांचा फोन येण्याची वाट न बघता मी त्यांना मसुदा पाठवणार आहे. मुदत छत्तीस महिने. भाड्यात दरवर्षी ५ टक्के वाढ. डिपॉझिट दोन महिन्यांचं, किल्ली दिल्यावर त्याच दिवशी परत. दोन्ही बाजूंना तीन महिन्यांची सूचना. इमारत पुनर्विकासाला गेली तर विकसन करारानंतर सात दिवसांत लेखी कळवणं. किरकोळ दुरुस्ती माझ्याकडे, छत, नळजोड आणि वायरिंग मालकांकडे. नोंदणीचा खर्च निम्मा-निम्मा. दारावर माझं नाव. तुमच्याकडे राहणाऱ्या कुटुंबाने असाच मसुदा आणून दिला तर तो वाचा, जी अट पटणार नाही ती खोडून तुमची लिहा, आणि एकत्र बसून नोंदवा.

कळावे,

आपली,
शनिवार पेठेतली एक भाडेकरू